मशीनचं मीठ

हसायचं असंन तं आत्ताच हसून घ्या, मंग मधात अडवू नका. कारण आज जो येडेपणा सांगून राहिली, तो मी सोयऱ्या-धायऱ्यात कोणाले सांगू दिला नाही. मले लिहिता येत नाही. मी बोलतो अन् माही सून वर्षा लिहून घेते. ती तं आतापासूनच ओढणी तोंडाले लावून बसली. वर्षे, लिही गुमान! एक अक्षर गाळू नको अन् एक जास्तीचं घालू नको.

तं गोष्ट हाये पाण्याची. म्हणजे दिसाले पाण्याची, पण मुळात जळण्याची. पाण्यानं आग विझते म्हणतात ना? माही तं पाण्यानंच लागली!

सुमन माही धाकटी जाऊ. ते अमरावतीले राहतात, आमी अकोल्यात. मी तिच्यावर जळतो. आता या वयात लपवून काय करू? लग्न होऊन आली तवापासून जळतो. तिची पोळी फुगते तं टम्म फुगते. तिनं अन् मी एकाच दिवशी कढीपत्त्याचं रोप लावलं, एकाच बाईपासून घेतलेलं. तिचं झाड आता गच्चीवर डोकावते. माहं अजून मांजरीच्या उंचीचं हाये. अन् वरून बोलणं असं गोड, की भांडाले जागाच ठेवत नाही. अशा माणसावर जळणं लय कठीण असते बाप्पा, सगळं एकटीलेच करा लागते!

पण एक गोष्ट माह्यापाशी होती अन् तिच्यापाशी नव्हती. महालक्ष्म्या.

भादव्यात गौरी-महालक्ष्म्या बसतात त्या आमच्या घरी, कारण मी थोरली. सासूबाईनं मुखवट्याची पेटी माह्या हातात दिली तवा सुमन बाजूलेच उभी होती. मी पेटी छातीशी धरली अन् हळूच तिच्याकडं पाहिलं. सारं खानदान वर्षातून एकदा माह्या दारात येते, माह्या हातचं पुरण खाते. बाकी तीनशे चौसष्ट दिवस सुमनचे असतीन, तो एक दिवस माहा!

अन् त्याच दिवशी, दोन वर्षांमांगं, घोटाळा झाला.

अकोल्याचं पाणी तुमाले माहीतच हाये. नळ येते आपल्या मर्जीनं, म्हणून घरोघरी बोअर. अन् बोअरचं पाणी असं जड, की साबण घासून घासून हात दुखते पण फेस येत नाही. बादलीले पांढरा थर, नळाले पांढरी दाढी. मी पिणं-रांधणं नळाच्याच पाण्यात करतो. पण त्या दिवशी माणसं झाली लय, साठवलेलं पाणी सरलं, अन् पुरणाची डाळ बोअरच्या पाण्यात लावा लागली. दहा शिट्ट्या झाल्या. बारा झाल्या. डाळ जशीच्या तशी! कुकरच दमला, डाळ नाही दमली. शेवटी तसंच वाटलं. पुरणपोळी खाताना पंगतीत कचकच आवाज येऊन राहिला. माहे दीर, सुमनचे मालक, मोठे गमत्ये. म्हणाले, "वैनी, पुरणात शेंगदाणे टाकले काय हो?"

सारे हसले. मीही हसली. कशी हसली ते मलेच माहीत.

मंग सुमन आली माह्याजवळ, खांद्यावर हात ठेवला अन् अशी मऊ बोलली, अशी मऊ, की काय सांगू!

"बाई, तुमाले आता दगदग होते. पुढच्या साली महालक्ष्म्या आमच्याकडं बसवू काय? आमच्या घरी सॉफ्टनर बसवलं ना, त्या पाण्यात डाळ चार शिट्ट्यांत लोण्यासारखी होते."

सॉफ्टनर! तो शब्द माह्या कानात शिरला तो निघालाच नाही. मुखवट्याची पेटी जाईन? एका मशीनपायी?

दिवाळी झाली अन् मी निघाली अमरावतीले. घरच्याईले सांगितलं, जावेची आठवण येते. आमचे हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "तुले? सुमनची?" अन् पुन्हा पेपरात शिरले. चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसापाशी खोटं बोलून काही उपयोग नसते.

गच्चीवर पाहिलं तं काय, एक उभी निळी टाकी लहान पोराएवढी अन् तिच्या बाजूले झाकणाचा पांढरा पिंप. बस! एवढ्यासाठी एवढा तोरा! पण खाली न्हाणीत गेली अन् नळ पाहिला. चकाचक. माहं तोंड दिसे त्यात, अन् तेही जळकं दिसे. डोक्यावरून पाणी घेतलं, शिकेकाई धुतली, अंगाले साबण लावला. मंग पाणी घेऊन राहिली, घेऊन राहिली, पण साबण काही जाईना! अंग बुळबुळीतच. सात बादल्या झाल्या. बाहेरून सुमन म्हणे, "बाई, बरं वाटून राहिलं ना तुमाले?"

"साबण निघत नाही वं तुहा!"

"साबण कधीचाच निघाला बाई. मऊ पाण्यात आंग असंच लागते."

घ्या! म्हणजे तिच्या घरी आंगही मऊ होते.

निघाच्या वेळी मले बस स्टँडवर सोडाले आली तवा सुमन म्हणाली, "बाई, तुमी मशीन घ्याच. अन् बसवाले आमचे सलीमभाई सांगतो, ते अकोल्याचेच हायेत. फक्त एक ध्यानात ठेवा, त्या पिंपात मीठ टाकत जा. महिन्याले एक थैली."

मी बसमध्ये बसली अन् बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्याच गोष्टीचा इचार करत राहिली. मीठ?

आता तुमी सांगा. माहं माहेर बाळापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीचं पाणी असं खारं, की पाहुण्यानं एक घोट घेतला की दुसऱ्या वेळी येतच नसे. गोड्या पाण्यासाठी डोक्यावर पितळी गुंड घेऊन शेताशेतातून गेलेली पोरगी मी! सारी जिंदगी पाण्यातल्या मिठापासून पळण्यात गेली, अन् ही म्हणते पाणी चांगलं करायसाठी त्यात मीठ टाका? थैलीभर?

मूर्तिजापूर आलं अन् माह्या डोक्यात उजेड पडला. हिले माहं मशीन बिघडवाचं हाये! पुढच्या भादव्यात पुरण पुन्हा कचकच वाजलं पाहिजे, म्हणजे पेटी चालली अमरावतीले!

तुमी म्हणसान, असा संशय कावून? तं खरं सांगतो. सुमन नवीन नवीन आली तवा तिनं मले उडदाच्या पापडाचं पीठ कसं भिजवाचं ते विचारलं होतं. मी सारं सांगितलं, फक्त पापडखार तेवढा सांगितला नाही. तिचे पापड चामड्यासारखे झाले होते. मी आपल्यावरून तिले मोजून राहिली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. वर्षे, हे लिहिलं काय? बरं, राहू दे.

उन्हाळा लागला अन् मी पोराच्या मांगं लागली. अवी माहा पोरगा, साधा हाये. मले दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

"ते सोडा. अमरावतीच्या माणसानं नेलं त्याच्याहून मोठं दाखवा."

"पण माणसं किती?"

"चार हाये. पण जळणारी एकटी मीच," अवी हळूच म्हणाला. हो, तोही काही कमी नाही.

मंग त्या माणसानं घरून आणलेलं आमचं पाणी एका लहान शिशीत घेतलं, त्यात औषध टाकलं तं पाणी लालसर झालं. दुसरं औषध थेंब थेंब टाकत मोजू लागला. म्हणे, पाणी निळं होईपर्यंत जितके थेंब, तितकं पाणी जड. थेंब पडून राहिले, पडून राहिले, पाणी काही निळं होईना! तो माणूस मोजता मोजता थकला. "आजी, लयच जड पाणी हो!"

मी तिथूनच सुमनले फोन लावला. "काय वं, तुह्या पाण्याले किती थेंब लागले होते?"

तिनं सांगितलं. आमचे जास्त निघाले! मले असा आनंद झाला बाप्पा, दुकानात पेढे वाटाचे बाकी होते. आपलं पाणी खराब निघालं म्हणून खुश होणारी बाई तुमी पाहिली काय कुठं? पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई आले. पांढरी दाढी, शांत माणूस, मूळ अचलपूरचे पण राहाले अकोल्यात, हात असा साफ की एक थेंब गळू दिला नाही. टाकीतून घरात येणारी नळी कापून मधात मशीन बसवलं. पण माह्या डोक्यात एकच, हा माणूस सुमनचा! अन् झालंही तसंच. त्याईनं थैली फोडली अन् सारं मीठ पिंपात ओतलं.

"सलीमभाई, हे कावून?"

"अम्मा, ये मशीन पानी का चूना पकडती. पकड-पकड के थक गई तो नमक के पानी से नहाती. नहा के फिर ताजी. नमक पीने के पानी में नहीं आता, नाली से निकल जाता. दो थैली और रख के जाता हूँ, हर महिने एक डालना. भूलना मत."

मशीन आंघोळ करते? अन् तेही मिठानं? मी मनात म्हटलं, सुमननं चांगलं पढवून पाठवलं याले.

सलीमभाई चहा पिऊन गेले अन् मी मशीनचा ताबा घेतला. घरात सांगून टाकलं, गच्चीवरच्या वस्तूले कोणी हात लावाचा नाही. जुन्या लुगड्याची खोळ शिवली, हळदीकुंकू लावलं. महिनाभर पाणी असं मऊ आलं की विचारू नका! डाळ चार शिट्ट्यांत विरघळे. शेजारणींना बोलावून बोलावून हात धुवाले लावले. सुमनले रोज फोन. "तीनच शिट्ट्या लागल्या वं आज!" लागल्या चारच होत्या.

अन् एक दिवस मी खोळ काढून पिंपाचं झाकण उघडून पाहिलं.

आत पाणी! तळाशी मिठाचा गाळ. बोट बुडवलं, जिभेले लावलं. माय वं! बाळापूरची विहीर! माह्या नव्या मशीनच्या पोटात खारपाण भरलेलं! म्हटलं, बरं झालं वेळेवर पाहिलं, नाही तं सुमनचा डाव साधलाच असता.

मी कंबर बांधली. लोट्यानं लोट्यानं सारं खारं पाणी उपसून नालीत टाकलं. पिंप चिंचेनं घासला, राखेनं घासला, उन्हात वाळवला. अन् त्यात, ऐका आता, नळाचं गोडं पाणी, चार दिवस पुरवून वापराचं पिण्याचं पाणी, दोन गुंड भरून ओतलं. वरून तुळशीची पानं टाकली. म्हटलं, मशीनले आंघोळच करायची ना? मंग चांगल्या पाण्यानं कर!

अन् त्या दोन थैल्या? उघडून पाहिल्या तं पांढरंशुभ्र खडेमीठ, कचरा नाही, माती नाही. तेव्हा कैऱ्या आल्याच होत्या. मी काही वस्तू वाया जाऊ देणारी बाई नाही. त्या साली दुप्पट लोणचं घातलं. एक मोठी बरणी अमरावतीले पाठवली, मुद्दाम. म्हटलं, तुह्या मशीनले मीठ लागते, माह्याले नाही. खा!

आठ-दहा दिवसांनी वर्षा म्हणाली, "आई, केस पुन्हा राठ होऊन राहिले."

"तेल लावत जा."

"नळाले पांढरं येऊन राहिलं."

"पुसत जा. आजकालच्या पोरीले पुसाचाच कंटाळा."

आमचे हे म्हणाले, "डाळ कच्ची लागते वं."

"दात पडले तुमचे!"

मशीन बिघडलं असं म्हणाची कोणाची छाती नव्हती. अन् मले तं ते पाणी मऊच लागे. खरंच सांगतो, मऊ लागे! माणसानं एकदा ठरवलं ना, की दगडही लोणी लागते.

भादवा आला. महालक्ष्म्या आल्या, उभ्या राहिल्या, काय रूप होतं! सारं खानदान जमलं. सुमन आली, दीर आले. त्या दिवशी नशिबानं नळ भरपूर आला होता, घरातले पिंप भरून ठेवले होते. वर्षा म्हणाली, "आई, पुरणाची डाळ नळाच्या पाण्यात लावू."

मी म्हटलं, अन् सुमनले ऐकू जाईन एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "कावून? घरात सॉफ्टनर असताना? मशीनच्या पाण्यातच लागंन!"

चार किलो डाळ लागली.

चार शिट्ट्या झाल्या. मी झाकण उघडलं, दाणा दाबला. दाण्यानं मलेच दाबलं. पुन्हा लावली. आठ. दहा. बाहेरून दिराचा आवाज आला, "वैनी, रेल्वे कोणती येऊन राहिली हो?"

देव्हाऱ्यापुढं दोन्ही मुखवटे माह्याकडं पाहून राहिले होते. मनात म्हटलं, मायबाई, यंदाच शेवटची भेट काय वं?

सुमन हळूच जवळ आली. "बाई, मीठ सरलं असंन मशीनमधलं."

"सरंन कशाले? टाकलंच नाही मी!"

"टाकलं नाही?"

"मी काय बावळट हाये? तू सांगशीन अन् मी मशीनमध्ये खारपाण भरीन?"

ती तशीच वळली. जिन्यानं वर गेली. मांगं मी, माह्या मांगं वर्षा, वर्षाच्या मांगं निम्मं खानदान. सुमननं लुगड्याची खोळ काढली, झाकण उघडलं. आत नितळ पाणी अन् त्यात काळी पडलेली तुळशीची पानं तरंगून राहिलेली. जसं तीर्थ!

अवीनं तिथूनच सलीमभाईले फोन लावला अन् आवाज मोठा केला.

"अम्मा, नमक नहीं डाला तो मशीन तीन महिने से भूखी है. चूना कौन निकालेगा? मैंने दो थैली रखी थी ना? अब्बी डालो, दो-तीन घंटे में नहा लेगी."

सारे माह्याकडं पाहू लागले. "आई, थैल्या कुठं हायेत?" अवी म्हणाला.

मी पदर नीट करत बसली.

"आई?"

तेवढ्यात खालून दीर ओरडले. त्यांना धीर नव्हता, पंगत बसाच्या आधीच पोळीसंगं लोणचं घेऊन बसले होते. "वैनी, यंदाचं लोणचं काय जमलं हो! आमच्या घरची बरणी तं कधीचीच सरली!"

मी हळूच म्हटलं, "त्या थैल्या... भाऊजी खाऊन राहिले."

मंग जे हसणं सुरू झालं! अवी टाकीले धरून हसे, वर्षा जिन्यावर बसली, आमचे हे, जे दिवाळीले तरी हसतात की नाही देव जाणे, डोळे पुसून राहिले. फोनवर सलीमभाई, "क्या हुआ अम्मा? क्या हुआ?"

फक्त सुमन हसली नाही. ती खाली गेली, गाडी उघडली अन् पाण्याची मोठी कॅन उचलून आणली. तिच्या घरच्या मशीनचं पाणी. "मांगच्या साली तुमाले त्रास झाला म्हणून आणलं होतं बाई. तुमाले वाईट वाटंन म्हणून बोलली नाही. दुसरी डाळ काढा."

आता सांगा, एवढं चांगलं असाचं काय काम होतं? चांगुलपणातही पुढंच! मी जळून कोळसा.

दुसरी डाळ लागली. चार शिट्ट्या. लोणी. माह्या घरच्या महालक्ष्म्या, माह्या चुलीवरचं पुरण, अन् पाणी अमरावतीचं! पंगत उठली. मीच मुखवट्याच्या पेटीवर हात ठेवला अन् म्हटलं, "सुमन, पुढच्या साली घेऊन जा वं. मी हारली."

तिनं पेटी माह्याकडंच सरकवली. "नाही बाई. महालक्ष्म्या थोरलीच्याच घरी शोभतात. मी पाणी घेऊन येत जाईन. फक्त एक करा, मशीनचं मीठ लोणच्यात टाकलं ते टाकलं, आता लोणचं मशीनमध्ये टाकू नका."

अन् मंग हसली वं ती! अशी खदखदून हसली की पापडखाराचंही सारं वसूल झालं.

आता मिठाच्या थैल्या आल्या की वर्षा त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, "हे मीठ मशीनचं." पण मले वाचता येते कुठं? यंदा कैऱ्यांच्या दिवसात एक थैली पुन्हा कमी भरली. तवापासून पोरीनं लिहिणं सोडलं अन् दर थैलीवर सुमनचा हसरा फोटो चिकटवून ठेवते. आता मी त्या मिठाले हातही लावत नाही.